कॉलमच्या रिंगा आणि मामाचं माळवद

परवा रविवारी दादाच्या बांधकामावर गेले होते. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पुण्यात धायरीच्या पुढे गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतली, एक गुंठा जागा, खाली पार्किंग, वर तीन मजले. गावाकडचं रान विकून आणि वर कर्ज काढून चाललंय सगळं. दुसऱ्या मजल्याच्या कॉलमच्या सळया उभ्या होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्या सळयांना भोवतीनं बांधून ठेवणाऱ्या रिंगा वीतभर अंतरावर आणि त्यांची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली. खरं तर रिंगेच्या टोकाचा हूक 135 अंशांत, कॉलमच्या पोटात वळवायचा असतो आणि बीमच्या जोडाजवळ रिंगा 4 इंचांवर घ्यायच्या असतात. नाहीतर भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते आणि सळया वाकून बाहेर येतात. सळया बांधणाऱ्या फिटरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इकडं सगळीकडं असंच असतंय."

खरं बोलला तो. त्या रात्री मला झोप आली नाही.

माझं आजोळ सास्तूर, किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. मामाचा वाडा दगडाचा, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकायची आणि चोपायची, म्हणजे गळत नाही. जुनी माती कुणी काढायचं नाही. वर्षानुवर्षांचं ते ओझं नुसत्या मातीत रचलेल्या दगडांवर उभं होतं. 52 गावं उद्ध्वस्त झाली, सुमारे 10 हजार माणसं गेली. मामी आणि दोन मामेभाऊ त्यात गेले. पण कडेच्या वस्तीतली कुडाची, गवताच्या छपराची घरं बरीचशी वाचली. आई अजूनही सांगते, ज्यांना सगळे गरीब म्हणायचे त्यांनीच मामाला ढिगाऱ्यातून ओढून काढलं.

म्हणून "भूकंपात गरीबच मरतो" हे वाक्य मला अपुरं वाटतं. जिथे चार पैसे आलेत, जड घर बांधायची ऐपत आलीये, पण ते कसं बांधायचं हे सांगणारा आणि तपासणारा कुणी आलेला नाही, तिथे भूकंप सगळ्यात क्रूर होतो. आपल्यासारख्या देशांत सिमेंट आधी पोचतं, इंजिनिअर फार मागून.

2010 सालचंच बघा. जानेवारीत हैतीत 7.0 चा भूकंप, फेब्रुवारीत चिलीत 8.8 चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात सुमारे 500 पट मोठा. चिलीत पाचशेच्या आसपास माणसं गेली. हैतीतल्या मृतांचा आकडा लाखांत सांगतात. चिली काही फार श्रीमंत देश नव्हे, पण 1960 च्या महाभूकंपानंतर त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळलेही. हैतीत राष्ट्रपती भवन आणि मंत्रालयंच कोसळली, मग मदत वाटायची कुणी? नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून जास्त झालं आणि त्याच वर्षी कॉलरा पसरला.

एप्रिल 2015 मध्ये नेपाळ हादरलं तेव्हा आमच्या सोसायटीचे वॉचमन दोन दिवस गेटवर मोबाइल हातात धरून बसून होते. घरचे वाचले, घर गेलं. सरकारने घरामागे 3 लाख नेपाळी रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत. आपले झाले 1 लाख 87 हजारांच्या आसपास. त्यात घर पुरं होईना, म्हणून सावकाराकडून घेतले आणि बारावीतल्या मुलाला शाळा सोडायला लावून इकडे बोलावलं. तो मुलगा आज बाणेरला रात्रपाळी करतो. मृतांच्या यादीत असं नुकसान कुठेच दिसत नाही, पण ते पुढची पिढी खातं.

तुर्कस्तानात 2018 मध्ये बेकायदा इमारतींना दंड भरून माफी दिली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये भूकंप झाला. तिथे 50 हजारांहून जास्त लोक गेले. आपल्याकडे 2021 मध्ये गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. मी त्याच्या विरोधात नाही. माणसांनी राहायचं कुठे? पण शुल्क भरल्याने कॉलम बळकट होत नाही. नियमित करताना एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने सरकारी खर्चाने घर तपासावं आणि फिटर लोकांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, एवढं मागायलाच हवं. भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादला खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारती बसल्या. आपल्या पुण्यात असं पार्किंग किती इमारतींखाली आहे, घरी जाताना बघा.

दादा आधी चिडला. म्हणाला, "आता कुठं खोड्या काढतीस? स्लॅबची तारीख ठरलीये." मी मामाचं नाव काढलं, तसा गप्प झाला. बुधवारी फिटरने दुसऱ्या मजल्याच्या रिंगा नव्याने वाकवल्या, मी समोर उभी होते. दीड दिवसाची मजुरी आणि थोडी जास्तीची सळई, एवढाच खर्च वाढला.

पार्किंगचे कॉलम मात्र आधीच भरून झालेत. ते बघायला शनिवारी इंजिनिअर येणार आहेत.