‘कायम’ हा शब्द वगळून वाचावे

अभिनंदन! राज्य सुधारायचं तुमच्या मनात आलं आहे. तुम्ही मंत्री असा, सचिव असा, नाहीतर कुठल्या समितीवर अशासकीय सदस्य म्हणून चिकटलेले असा, सल्ला तिघांनाही एकच. सुधारणेला पैसे लागतात असं कुणी म्हणालं तर त्याला फाईल देऊन वित्त विभागात पाठवा. तो लवकर परत येणार नाही. तोवर तुम्ही शासन निर्णय काढा. सुधारणा शब्दांत करायची असते. पैसे पुढे लागतात, आणि तेव्हा त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असतं.

श्रीगणेशा शिक्षणापासून करा. तिथली माणसं सोशिक. २००१ साली महाराष्ट्राने ठरवलं की यापुढच्या खासगी शाळा ‘कायम विनाअनुदानित’. म्हणजे आज अनुदान नाही, उद्या नाही, परवाही नाही. तरी शाळा निघाल्या, शिक्षक लागले, आणि बिनपगारी किंवा संस्थाचालक देतील त्यात शिकवू लागले. २००९ च्या जुलैमध्ये सरकारला पाझर फुटला आणि ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. नीट वाचा हं, शब्द वगळला. पगार सुरू केला असं कुठे लिहिलेलं नाही. एवढ्या स्वस्तात एवढी मोठी सुधारणा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पण यातली खरी कारागिरी पुढे आहे. शब्द काढल्यावर शाळांचं मूल्यांकन आलं. मूल्यांकनातून पात्र याद्या आल्या, याद्यांतून त्रुटी, त्रुटींतून त्रुटीपूर्तता. बऱ्याच शाळांना पहिलं २० टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. वीस, चाळीस, साठ, ऐंशी असे टप्पे ठेवले की गणिताच्या मास्तरांना काळ-काम-वेगाचं एक जिवंत उदाहरण मिळतं: पूर्ण पगार आधी की निवृत्ती आधी? पुढच्या टप्प्याचा निर्णय २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर झाला. २०२५ च्या जुलैमध्ये तेच शिक्षक भर पावसात आझाद मैदानात बसून त्या निर्णयातले पैसे मागत होते. तुम्ही अशा वेळी घाबरायचं नाही. छत्री घेऊन जायचं आणि ‘शासन सकारात्मक आहे’ म्हणून यायचं. आजवर कुठलंही शासन नकारात्मक असल्याची नोंद नाही.

दप्तराचं ओझं कमी करायचं असेल तर २०२३-२४ चा कित्ता गिरवा. पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घातली, म्हणजे वेगळी वही नको. पुढे ती पानं काढून टाकायचा निर्णय झाला. एका कोऱ्या पानात दोन सुधारणा, ये-जा धरून.

आता अर्थखातं. इथे बुजायचं कारण नाही, कारण वित्तीय शिस्तीचा कायदा आपण २००५ मध्येच केलेला आहे. शिस्त कायद्यात ठेवली की ती सांडत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत’ हे वाक्य ठणठणीत आवाजात म्हणा, शेर म्हणा, आणि खाली बसा. खर्चाचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? २०२४ मध्ये २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेले जादा खर्च, आल्या. अकरा दिवस! लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा इतक्या लवकर चुकत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूटच ४५ हजार ८९१ कोटींची दाखवली आहे. म्हणजे किराणाही उधारीवर. पण हा शब्द सभागृहात वापरू नका, ‘कल्याणकारी राज्य’ म्हणा.

आणखी एक. कर्ज शक्यतो स्वतःच्या अंगावर घेऊ नये. महामंडळाला घ्यायला लावावं आणि आपण फक्त हमी द्यावी, म्हणजे अर्थसंकल्पाचा चेहरा उजळ राहतो. २०२२ पासून केंद्र असली कर्जंही राज्याच्या मर्यादेत मोजायला लागलं आहे, हा शुद्ध आगाऊपणा आहे. तुम्ही संघराज्यावर भाषण करा.

पायाभूत सुविधांत मात्र हात आखडता घेऊ नका. नारळ महाग झाला तरी फोडाच. भूमिपूजन हा प्रकल्पाचा एकमेव टप्पा आहे जो वेळेत पूर्ण होतो. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्याही वर गेला, मध्ये २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा नातू आता सातबाऱ्यावर आला. याला अपयश म्हणणारे अडाणी आहेत. सरकारी भाषेत याला ‘सुप्रमा’ म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. किती गोड शब्द आहे बघा! मुलीचं नाव ठेवावं असा. कालवा पुढे सरकला नाही तरी सुप्रमा सरकते, पहिली, दुसरी, तिसरी. पूर्ण झालेल्या धरणाला कोण विचारतो? त्याची दुरुस्ती करावी लागते आणि दुरुस्तीला रिबीन नसते.

पैसे सोडायचेच झाले तर मार्चअखेर सोडा. अकरा महिने ‘बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी नाही’ म्हणायचं आणि शेवटच्या आठवड्यात खर्च करा म्हणून फोन करायचे. जो खर्च करील त्याने घाई केली, जो करणार नाही त्याचा निधी अखर्चित राहिला. दोघांनाही कारणे दाखवा नोटीस काढता येते, आणि त्यामुळे प्रशासन गतिमान आहे असं दिसतं.

इतकं करूनही एखादा आमदार तारांकित प्रश्न टाकेलच. त्याचंही उत्तर आत्ताच पाठ करून ठेवा:

(१) राज्यात सुधारणांचे निर्णय झाले, परंतु त्यासाठी निधी उपलब्ध करून देण्यात आला नाही, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, विलंबाची सर्वसाधारण कारणे काय आहेत?

उत्तर:

(१) हे अंशतः खरे आहे.

(२) प्रश्न उद्भवत नाही.