जपानी चहा आणि माझी डावी चप्पल

गेल्या गुरुवारी मी बत्तीस विद्यार्थ्यांदेखत एका लोखंडी कपाटाला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि दुर्दैवाने त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे.

परक्या संस्कृतींची ओळख व्हावी म्हणून आमच्या इंदूरच्या महाविद्यालयाने आभासी वास्तवाचे चार हेडसेट आणले आणि पहिल्या अनुभवाचा मान ज्येष्ठतेनुसार माझ्या गळ्यात पडला. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी बनवलेले असले यंत्र छताला टांगलेले असे. आमचेही टांगलेले असते, तर मी कपाटापर्यंत पोहोचलोच नसतो. हेडसेट चढवताच मी एका जपानी घराच्या उंबऱ्याशी उभा होतो. तिथल्या रीतीप्रमाणे चपला काढल्या, त्यांची तोंडे दाराकडे वळवली. मग चित्र पुढे सरकू लागले. डोळे सांगत होते की आपण चाललो आहोत, कानातला तोल सांगत होता की आपण उभेच आहोत, आणि या भांडणात सकाळचे पोहे वरच्या जिरावन मसाल्यासकट मध्यस्थीला वर येऊ लागले. त्याच अवस्थेत यजमान वाकले, म्हणून मीही वाकलो. कपाळ आपटले.

हेडसेट काढला, तर समोर आमचे शिपाई बापू, हातात कप.

"सर, नमस्कार कुणाला केलात?"

"जपानी यजमानांना."

"त्यांनी काय दिलं?"

"चहा."

"प्यायलात?"

"तो नुसता दिसतो, बापू."

"मग हा घ्या. तुम्ही तिकडे होतात तेवढ्यात निवला."

विद्यार्थी हसले. बापू मात्र गंभीरच होते.

"यातून पोरांनी शिकायचं काय?"

"दुसऱ्यांच्या चालीरीती समजून घ्यायला."

"म्हणजे शेवटच्या बाकावरच्या त्या झाबुआच्या पोराच्या?"

"नाही, सध्या जपानच्या."

"नाही, होळीआधी तो भगोरियाच्या जत्रेला गावी गेला, तेव्हा तुम्ही त्याची गैरहजेरी लावली होती, म्हणून विचारलं."

मला रागच आला. हजेरीचा नियम काही मी केलेला नाही. सही तेवढी माझी असते. शिवाय त्या मुलाला भगोरियात काय असते हे विचारायला वेळापत्रकात तास नाही, आणि जपानसाठी आठवड्याला दोन आहेत, यातही माझा हात नाही. निवलेला चहा मी एका घोटात संपवला.

मग चपला शोधल्या, तर जागेवर नव्हत्या.

"फरशी पुसायची होती, बाहेर ठेवल्या," बापू म्हणाले.

उजवी जिन्याखाली सापडली. डावीचा आजतागायत पत्ता नाही. चार हेडसेटची नोंद मात्र तीन रजिस्टरांत आहे आणि तिन्हींवर माझी सही आहे.