रोल केजचे वेल्ड घासू नका: त्या व्हिडिओतला सल्ला जिवावर बेतेल

अमेरिकेत शिकणारा माझा भाचा मित्रांबरोबर ड्रॅग कार, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या पाव मैल शर्यतीची गाडी, बांधतोय. परवा त्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे बरोबर आहे का?" व्हिडिओतल्या माणसाचं म्हणणं असं की चॅसिस सर्टिफिकेशन (गाडीचा सांगाडा तपासून त्यावर मंजुरीचा स्टिकर लावणं) हा नुसता स्टिकरचा धंदा आहे आणि थोडी हुशारी केली की कुठलीही रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, पास होते. हजारो लोकांनी तो पुढे पाठवलाय, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

सगळ्यात आधी त्याचा सगळ्यात घातक सल्ला. "वेल्ड ग्राइंडरने घासून सपाट करा, वर रंग मारा, दिसायलाही छान आणि तपासणाऱ्यालाही काही कळत नाही." अरे, वेल्डचा तो उंचवटा शोभेसाठी नसतो! नळीला नळी जिथे भिडते तिथे सगळा भार त्या कोपऱ्यातल्या धातूतून जातो. तो घासला की सांधा तेवढा पातळ होतो. शिवाय ग्राइंडरचं चाक वेल्डवरच थांबत नाही, शेजारची नळीही खातं. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद) नळीच्या भिंतीची जाडी ०.०८३ इंच, म्हणजे जेमतेम २.१ मिलिमीटर. त्यातला अर्धा मिलिमीटर गेला तर पाव जाडी गेली, आणि तीही नेमकी वेल्डच्या काठावर, गाडी उलटल्यावर जिथे तडा जायची भीती सर्वांत जास्त असते तिथे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमपुस्तकात वेल्ड घासायला साफ मनाई आहे. वेल्डमध्ये स्लॅग (वेल्डिंगची मळी) नको, छिद्रं नकोत, हेही तिथेच लिहिलंय. घासून रंगवलेल्या सांध्यावर यातलं काही तपासताच येत नाही. म्हणजे हा माणूस दोष लपवायची रीत शिकवतोय, आणि त्या केजमध्ये बसणार दुसऱ्याचं पोरगं.

"पाण्याचा पाइप चालतो, लोखंड ते लोखंड." नाही चालत. पाण्याचा पाइप पाणी वाहून न्यायला बनवलेला असतो, त्याचं माप आतल्या पोकळीवरून ठरतं. पाव मैल ८.५० ते ९.९९ सेकंदांत कापणाऱ्या गाडीच्या केजला बाहेरून १ ५/८ इंची नळी लागते. माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद, असेल तर जाडी ०.११८ इंच, ४१३० प्रतीचं क्रोमोली असेल तर ०.०८३. ही जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने बाहेरूनच मोजता येते, रंगाखाली लपत नाही.

"मिगने सगळं जोडता येतं." हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. माइल्ड स्टीलला मिग (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेचं वेल्डिंग) नियमातच बसतं, त्यासाठी महागडं टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) मशीन घ्यायची गरज नाही. पण क्रोमोलीला टिगच हवं. वेल्डशेजारचा ४१३०चा भाग भराभर थंड झाला तर कडक आणि ठिसूळ होतो, आणि टिगमध्ये उष्णता वेल्डरच्या ताब्यात राहते.

हेल्मेट असताना पॅडिंग कशाला, हा त्याचा प्रश्न तर विचारूच नये. डोकं जिथे नळीवर आपटू शकतं तिथे पॅडिंग लागतंच, आणि तेही एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ४५.१ मानकाचं. साधा मऊ फोम धडकेत दबून सपाट होतो.

"एकदा स्टिकर मिळाला की कायमचा." खोटं. पाव मैलाला ७.५० ते ९.९९ सेकंद घेणाऱ्या गाड्यांना दर ३ वर्षांनी पुन्हा तपासणी, त्याहून वेगवान गाड्यांना दरवर्षी.

एक गोष्ट मात्र त्या माणसाची खरी आहे: तपासणाऱ्याला वेल्ड आत किती खोल गेलाय ते डोळ्यांनी दिसत नाही. ते फक्त जोडणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून तर त्याने आणखी जपून काम करायचं!

व्हिडिओ पाहून भाच्याचे मुख्य कमानीच्या (चालकाच्या मागची वाकवलेली नळी) दोन तिरप्या आधारांचे सांधे घासून झालेत. दोन्ही आधार कापून काढ, नव्या नळ्या घाल आणि वेल्डला हात लावू नकोस, असं त्याला कळवलंय. नळ्या त्याने कालच मागवल्या.