आधी पार्सल, मग माणसं
टेबलावर बसलेलं गिऱ्हाईक फुकटं असतं का हो? सोलापुरात रविवारी सकाळी कुठल्याही घरगुती हॉटेलात जा, हेच. आपण पोरंबाळं घेऊन ताटकळायचं, आणि दारात गाडीही बंद न करता कुणीतरी ओरडणार, "काकू, सहा सुशीला पार्सल!" की कढई तिकडेच रिकामी. आपल्याला मात्र "दहा मिनिटं, दादा." सुशीला म्हणजे फोडणीचे चुरमुरेच ना, ते भिजवून, पिळून फोडणीत टाकायला असा किती वेळ लागतो? शेवटी प्लेट येते ती गार. शेंगाचटणी मागितली तर काका सातबारा मागितल्यासारखं बघतात. सोलापुरात, शेंगाचटणी, मागून घ्यायची! बरं, काकूंच्या हाताला चव अशी की दुसरीकडे जाववत नाही. आणि चहा संपायच्या आत पुढचं कुटुंब आपल्या खुर्चीला धरून उभं!