शाल दिली, आता बोलूही द्या

काल, 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त गावाने ज्या थोरल्या काकूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, त्यांनाच आज ग्रामसभेत ‘आजी, बसा, दमाल’ असे म्हणून गप्प बसवण्यात आले, आणि हे मला मुळीच सहन झालेले नाही. काकूंनी विचारले होते एवढेच, की गावात येणारी एसटी बंद झाल्यापासून फाट्यापर्यंत पायपीट करावी लागते, तर पंचायत आगाराला ठराव पाठवणार का? ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण गुडघे धरून फाटाच गाठता येत नसेल, तर त्या सवलतीचे काकूंनी करायचे काय?

याच बसने त्या आठवड्याच्या बाजाराला जात, शेजारच्या गावातल्या सप्ताहाला जात, माहेरच्या लग्नकार्यांत आहेर घेऊन उभ्या राहत. बस गेली आणि हे सगळे सुटले. वर आपणच म्हणायचे, की म्हाताऱ्या माणसांना आता कशातच रस उरलेला नाही!

गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात, तेव्हा याच मंडळींना घरोघरी जाऊन बोलावतात आणि हजेरीवहीत त्यांचे अंगठे घेतात. विषयपत्रिका मात्र व्हॉट्सॲपवर फिरते. दवंडी केव्हाच बंद झाली. खुर्च्या पुढाऱ्यांना, आणि या बायका मागे सतरंजीवर, जिथे धड ऐकूही येत नाही.

काही वडीलधारी माणसे सभेत जुनी भाऊबंदकी उकरून काढतात, हे मान्य. काकूंनी भाऊबंदकी काढली नव्हती, बस मागितली होती.

ज्याने त्यांना खाली बसवले, तो त्यांच्याच ओसरीवर खेळून मोठा झाला आहे, आणि त्याला खरोखर त्यांची काळजी वाटली असेल, हे आता लिहिताना जाणवते. तो मनाने वाईट नाही. तरीही, बाळा, त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबायला हवे होतेस.

ठरावाचा मसुदा मी आजच लिहायला घेतला आहे. सूचक म्हणून काकूंचेच नाव राहील. गावातल्या मित्रांनी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत अनुमोदनासाठी हजर राहावे, आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींनी दिवाळीला आल्यावर आगारप्रमुखांच्या अर्जावर सही करून जावे.