शुद्ध चांदी आहे, म्हणून नाणं अस्सल?

"रोमन राणीचं नाणं घरच्या घरी तपासा" हा मेसेज परवा माझ्या आत्याकडे पोचला. त्यात काय, तर चुंबकाला चिकटलं नाही आणि चांदी शुद्ध निघाली की नाणं अस्सल; राण्या स्वतः नाणी पाडत; नाणं चिंच-लिंबाने घासा; आणि प्रतिकृती बाळगणं म्हणजे फसवणूक. लगेच तिचा फोन. "अरे, माझी ज्युलिया डोम्ना अस्सल निघाली! चुंबकाला चिकटत नाही, आणि सराफ म्हणतो चांदी एकदम शुद्ध." ते नाणं मीच तिला दिलंय, प्रतिकृती म्हणून घेतलेलं. तर म्हणे, तुलाच कळलं नसेल! रोमन सम्राज्ञींच्या प्रतिकृती मी बारा वर्षं जमवतोय, म्हणून हे लिहायलाच हवं.

चुंबकाचं अर्धं खरं आहे, मान्य. चिकटलं तर चांदीचं नाही, वाद संपला. पण तांबं, शिसं, कथील, जस्त यांपैकी काहीच चिकटत नाही. मग न चिकटल्याने काय सिद्ध झालं?

"शुद्ध चांदी म्हणजे अस्सल" हे तर सपशेल उलटं, आणि लोकांचे पैसे बुडतात ते इथेच. डोम्ना ही रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको. इ.स. १९३मध्ये तो गादीवर आला आणि थोड्याच वर्षांत त्याने देनारियस या रोमन नाण्यातली चांदी निम्म्याच्या आसपास आणली; बाकी मुख्यतः तांबं. तिचं नाणं शंभर नंबरी निघालं तर संशय वाढायला हवा! बरं, कस जुळला तरी भागत नाही. १९व्या शतकात कार्ल बेकर या जर्मन माणसाने हाताने ठसे कोरून चांदीतच नकली नाणी पाडली, कधी तर खऱ्या जुन्या नाण्यावरच नवा छाप मारला. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. अशा नाण्यापुढे सराफाची कसोटी काय करणार?

शेवटी आत्याला भिंग दिलं. डोम्नाच्या केसांच्या आडव्या लाटा आणि मागचा भला मोठा अंबाडा ठशाने पाडलेल्या चांगल्या नाण्यावर रेघ न् रेघ सुटी दिसतो. आत्याच्या नाण्यावर लाटा एकमेकींत मिसळलेल्या, गालावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, कडेला साच्याचा सांधा कानशीने घासलेला. ओतीव आहे ते, साच्यात ओतलेलं; खरा देनारियस ठशाने पाडलेला असतो.

"राण्या स्वतः नाणी पाडत" म्हणे. थोरली फॉस्टिना ही आणखी एक सम्राज्ञी; तिची बहुतेक नाणी 'दिवा फॉस्टिना' (दिवा म्हणजे देवपद मिळालेली) म्हणून, ती वारल्यावर नवरा सम्राट अँटोनायनस पायस याने काढलेली आहेत. टांकसाळ त्याची.

चिंच-लिंबाने घासायचा सल्ला तर कृपा करून कुणी पाळू नका. आंबट तांब्याला खातं.

आणि प्रतिकृती बाळगणं म्हणजे फसवणूक नव्हे; ती अस्सल म्हणून विकणं फसवणूक. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' हा शब्द बंधनकारक केला. आत्याच्या नाण्यावर तो नाही, म्हणून पाकिटावर मी ठळक अक्षरांत लिहून दिलाय.