सखल बेटे बुडणारच, मग त्यांच्यावर खर्च कशाला? एका दाव्याचा प्रतिवाद

समुद्राची पातळी वाढत आहे, त्यामुळे सखल बेटे पाण्याखाली जाणारच. ती वाचवायची असतील तर भोवती काँक्रीटचा बंधारा घालण्यावाचून उपाय नाही. आणि तो परवडत नसेल तर तिथल्या मूठभर रहिवाशांना आताच अन्यत्र हलवावे, किनाऱ्याच्या व्यवस्थापनावर पैसा वाया घालवू नये, असा युक्तिवाद सध्या सर्वत्र फिरत आहे. पातळी वाढत आहे एवढे त्यातले खरे आहे. 1901 ते 2018 या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडच्या दशकांत हा वेग अधिक झाला आहे. मात्र त्यावरून काढलेले पुढचे निष्कर्ष टिकत नाहीत, आणि ते खरे मानून धोरण आखले तर जी बेटे टिकू शकतात तीही हातची जातील.

बेटे बुडणारच, हे विधान बेट म्हणजे समुद्रात रोवलेला अचल खडक आहे असे गृहीत धरते. कंकणद्वीपांवरील, म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळांच्या रांगेवरील, बेटे तशी नसतात. प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्म सागरी जीवांची कवचे लाटांनी वाहून आणून रचल्यामुळे ती तयार झालेली असतात आणि ही रचना आजही चालू असते. 1972 मध्ये बेबे या चक्रीवादळाने प्रशांत महासागरातील तुवालू या देशाच्या फुनाफुती कंकणद्वीपावर प्रवाळाच्या राडारोड्याचा कित्येक किलोमीटर लांबीचा बांध उभा केला, आणि पुढच्या काळातील लाटांनी तोच माल हळूहळू बेटांच्या किनाऱ्याला आणून लावला. तुवालूच्या 101 बेटांची 1971 ते 2014 या काळातील छायाचित्रे तपासणाऱ्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशाचे एकूण भूक्षेत्र 2.9 टक्क्यांनी वाढल्याचे आणि देशातील 9 पैकी 8 द्वीपसमूहांत ही वाढ झाल्याचे आढळले. याच काळात तिथली समुद्रपातळी जागतिक सरासरीपेक्षा अधिक वेगाने वाढत होती.

हा अभ्यास हवामानबदल नाकारणारेही पुढे करतात, आणि तो त्याचा सरळ गैरवापर आहे. क्षेत्रफळ वाढले म्हणजे उंची वाढली असे नव्हे, आणि वाळू पुरवणारा प्रवाळच मेला तर बेटाची भर थांबते. 2023 मध्ये सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनाने, म्हणजे तापलेल्या समुद्रात प्रवाळ रंग गमावून पांढरे पडण्याच्या घटनेने, प्रवाळांवर आणलेला ताण पाहता ही भीती दूरची नाही. सांडपाणी, गाळ, बेसुमार मासेमारी आणि बांधकामासाठी केलेले उत्खनन यांपासून प्रवाळ वाचवणे हे म्हणूनच केवळ निसर्गप्रेमाचे काम नाही; जमीन घडवणारी यंत्रणा चालू ठेवण्याचे ते काम आहे.

पाण्याची बाजू तर या दाव्यात येतच नाही. पावसाचे गोडे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थराने तरंगत राहते, आणि समतोल स्थितीत भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. याचाच अर्थ, बेसुमार उपशाने वरची पातळी थोडी जरी खाली गेली तरी खालून खारे पाणी कितीतरी अधिक वर चढते. मोठ्या लाटा बेटावरून वाहून गेल्या की तेच पाणी वरूनही खारट होते. त्यामुळे बेट पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी ते राहण्यास अयोग्य होऊ शकते. आणि उपसा, शौचालयांची रचना, पावसाच्या पाण्याची साठवण या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत.

बंधारा हाच एकमेव उपाय, या मुद्द्यात मला सर्वांत मोठा धोका दिसतो. दाट वस्ती, बंदर किंवा रुग्णालय यांच्यापुढे बंधारा लागतो, हे मान्यच आहे. 1987 च्या पुरानंतर मालदीवची राजधानी मालेभोवती जपानच्या मदतीने असे संरक्षण उभारले गेले. परंतु मालदीवमध्ये वस्तीची सुमारे 190 बेटे आहेत आणि प्रत्येकाभोवती तेवढा खर्च करणे शक्य नाही. शिवाय उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते, आणि बेटाला उंची देणारी वाळू व खडे आत येण्याचा मार्गही बंद होतो. प्रशांत महासागरातीलच किरिबाती या देशाच्या तारावा कंकणद्वीपावर बेटियो आणि बैरिकी या बेटांना जोडणारा भरावाचा रस्ता 1980 च्या दशकात झाला. त्याने बेटांमधून वाहणारा प्रवाह अडला आणि जवळचे बिकमन हे लहानसे बेट झिजत गेले. त्यामागे समुद्रपातळीपेक्षा एका बांधकामाचा हात अधिक होता. किनाऱ्यापासून मागे हटून बांधणे, प्रवाह मोकळे ठेवणारे पूल, तिवरांची जोपासना आणि गरजेपुरताच भराव, हे सर्व भिंतीआधी विचारात घ्यायला हवे.

लोक मूठभर आहेत, या मुद्द्यावर फार थांबण्याची गरज नाही. किरिबातीची जमीन 811 चौरस किलोमीटर असली तरी तिच्या अखत्यारीतील समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर आहे आणि जगाच्या टूना मासेमारीत या पट्ट्याचे महत्त्व मोठे आहे. 1990 मध्ये एकत्र आलेल्या लहान बेटांच्या राष्ट्रगटाने लावून धरले नसते, तर 2015 च्या पॅरिस हवामान करारात तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याचे उद्दिष्ट येणे कठीण होते.

उरतो स्थलांतराचा प्रश्न. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 2023 मध्ये झालेल्या करारानुसार वर्षाला 280 तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याची परवानगी मिळू शकते. देशाची लोकसंख्या सुमारे 11,000 आहे, म्हणजे सगळ्यांनी जायचे ठरवले तरी या गतीने जवळपास 4 दशके लागतील. आपल्या भूमीवर राहण्याची त्या लोकांची इच्छा हा करारही मान्य करतो. दरम्यानच्या काळात तिथे मुले जन्माला येतील, विहिरींचे पाणी उपसले जाईल, घरे बांधली जातील आणि किनाऱ्यावर लाटा येतच राहतील. ज्या व्यवस्थापनाला हा दावा वायफळ खर्च म्हणतो, त्याच्यावाचून स्थलांतराचा त्याचा स्वतःचा पर्यायसुद्धा सुरक्षितपणे पार पडू शकत नाही.